शंभर टक्के म्हणणारा डॉक्टर मला नको होता

माझ्या डोळ्याची गोष्ट मी चाळीतल्या बायकांना इतक्यांदा सांगितली आहे की आता लिहूनच टाकते. निदान घसा तरी वाचेल. आमच्या भागात कुणाच्या डोळ्याला काही झालं की ती बाई माझ्या दारात येऊन उभी राहते. "सुमनताई, कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?" मी नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणूस विचार करायचं सोडतो, आणि विचार करायचं सोडायचं नाही एवढ्यासाठी तर मी घरादाराशी भांडले. म्हणून इथेही कुणा डॉक्टरचं नाव नाही. मी कसा शोधला तेवढं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

बाटल्या

पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीत मी बाटल्या तपासायचं काम करत होते. इंजेक्शनच्या औषधाच्या बोटभर बाटल्या. समोर दिवा आणि त्यामागे पाटी, अर्धी पांढरी, अर्धी काळी. बाटली मानेला धरायची, हलकेच गरकन फिरवायची आणि आतलं औषध फिरत असताना आधी पांढऱ्यावर धरायची, मग काळ्यावर. पांढऱ्यावर काळा कण दिसतो. काळ्यावर पांढरा तंतू नाही तर काचेची बारीक कपची दिसते. दोन्ही पाट्यांवर धरल्याशिवाय बाटली पास करायची नाही, हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी पाण्याचा पेलाही आम्ही उजेडाला धरून बघायचो आणि घरचे हसायचे.

माझा चष्मा लहानपणापासून जाड. डावा डोळा तर जन्माचाच आळशी, नुसता नावाला. सगळा संसार उजव्यावर. भरतीच्या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचायला लावला, तो मी धडाधड वाचला आणि कामावर लागले.

एके वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाटल्यांत काळे कण निघायला लागले. एका ट्रेमध्ये एखादी खराब निघाली तर नवल नाही, पण माझे अख्खेच्या अख्खे ट्रे बाद व्हायला लागले. मी तावातावाने औषध भरायच्या खात्यात गेले आणि तिथल्या साहेबांना म्हटलं, "तुमचं फिल्टर फाटलंय. त्यापेक्षा लुगड्याचा तुकडा बांधा, बरं गाळेल." साहेब बिचारे म्हणाले, "बाई, आज सकाळीच नवं घातलंय." मी म्हटलं, मग नवंच फाटकं आलंय. अर्धी शिफ्ट ते खातं माझ्यामुळे बंद राहिलं.

शेजारच्या बाकावर कुंदाताई बसायची, मालवणकडची. तिने मी बाद केलेला ट्रे उचलला, एकेक बाटली फिरवून बघितली आणि म्हणाली, "अगो सुमन, ह्यात काय एक नाय. सगळ्यो निर्मळ."

"चष्मा बदल तुझा," मी म्हटलं.

"माका चष्माच नाय गो!"

सगळ्या हसल्या. मी रागाने मान वर करून भिंतीकडे बघितलं. पांढऱ्या भिंतीवर तेच कण होते. मी नजर डावीकडे नेली तशी ती पिलावळ डावीकडे गेली, उजवीकडे आणली तशी मागोमाग आली. कण बाटलीत नव्हतेच. ज्या डोळ्याने मी जगाची खोट काढत होते त्याच डोळ्यात खोट होती. त्या दिवशी मीही सगळ्यांबरोबर हसले, खोटं कशाला सांगू. चहाच्या सुट्टीत तर मीच सगळ्यांना नक्कल करून दाखवली.

हसू फार टिकलं नाही. कडेला विजेसारखं चमकायला लागलं. मग एका सकाळी भाकरी थापताना परातीची कड दिसेना. नाकाच्या बाजूने, खालून, काळं काहीतरी वर चढलं होतं. मी हात धुतले, डोळा धुतला, चष्मा पुसला. ते काळं तसंच होतं. हा डोळा गेला तर माझ्याकडे दुसरा नव्हता.

ज्याला त्याला औषध माहीत

कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त कमी आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, थेंब दिले. मी म्हटलं, "साहेब, खालून काळं चढतंय." ते म्हणाले, "जागरण कमी करा." चिंचवडातल्या चष्मेवाल्याने नंबर बदलायला सांगितलं. त्याचा काय दोष, त्याचा धंदाच तो.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, निघोज्याला राहायच्या. लेकाने निरोप धाडल्याबरोबर चाकणपर्यंत पायी आणि तिथून बसने, अशा दुपारी येऊन दाखल झाल्या. अंगणात बसून मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि म्हणाल्या, "कण हाय म्हंतीस न्हवं?"

"हो. पण तसला कण नाही."

"कण तो कणच. आमच्याकडं एक म्हातारी हाय, जिभेनं डोळ्यातला कण काढती. मळणीत मला कुसळ गेलं हुतं, मी सोत्ता काढून घेतलंय तिच्याकडनं. चल उद्या."

त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं, नुसता कण चुकीच्या ठिकाणी होता. मी पाय आपटून नाही म्हटलं. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. "लई शिकल्यावानी करती. उद्या आंधळी झाली म्हंजी माझ्या पोराला भाकरी कोन घालंल?" हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत्याबाई, डोळा माझा आहे. भाकरीसाठी उसना घेतलेला नाही." शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या चाळीत सासूला असं कुणी बोललं नव्हतं.

माझा हा स्वभाव वडिलांचा. ते खडकीला कारखान्यात होते. आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला जायचे, आणि तिथून आले की आम्हा भावंडांना एकच सांगायचे, कुणी कितीही मोठा असो, पटल्याशिवाय मान हलवायची नाही. मुलींनाही तेच सांगायचे, हे विशेष.

मोठे डॉक्टर

माझे यजमान आकुर्डीच्या कारखान्यात होते. त्यांच्या फोरमनच्या बायकोचे डोळे पुण्यातल्या एका फार नावाजलेल्या डॉक्टरांनी बरे केले होते. तिथे सहजी नंबर लागत नसे. फोरमनने शब्द टाकला आणि आम्हाला दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. यजमान इतके खुशीत होते की त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

दवाखाना छानच होता. गार फरशी, भिंतीवर मोठमोठ्या लोकांबरोबर डॉक्टरांचे फोटो. डॉक्टर बोलायला तर साखर. "या ताई, बसा ताई." त्यांनी हातातल्या बॅटरीसारख्या यंत्रातून माझ्या डोळ्यात पाहिलं. बाटली पास करायला मला लागतो त्याहून फारसा जास्त वेळ त्यांना लागला नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले नाहीत. थेंब घालतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ते नंतर कळलं. पण फिरवल्याशिवाय बाटली बघणारी बाई आमच्या खात्यात टिकत नाही, एवढं माहीत होतं.

"पडदा सुटलाय," ते म्हणाले. "डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, तो सुटतोय. ऑपरेशन करून टाकू. काही काळजी करू नका ताई, शंभर टक्के."

यजमानांनी हात जोडले. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे ऑपरेशन करूनही ज्यांना दिसलं नाही असं कुणी तुमच्याकडे आहे का? मला त्यांना भेटायचंय."

डॉक्टर आधी हसले. मग मी हसत नाही हे बघून म्हणाले, "ताई, बरे झालेले हवे तेवढे दाखवतो."

"ते फोरमनसाहेबांनी दाखवलेत. मला दुसरे हवेत."

"तसे माझ्याकडे नाहीत."

त्यांचा कंपाउंडर दार उघडून उभा राहिला. मी उठले. इतकी वर्षं बाटल्या बघितल्या, चांगल्यातल्या चांगल्या दिवशीही सगळ्याच्या सगळ्या कधी पास झाल्या नाहीत. खराब निघतच नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाही तर काळ्या पाटीवर धरतच नाही.

बाहेर जिन्यावर यजमान मला पहिल्यांदाच ओरडून बोलले. "तू कोण लागून गेलीस गं? एवढा मोठा माणूस, ताई ताई म्हणतोय, आणि तू त्याची झडती घेतेस! फोरमनला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, बायको ऐकत नाही. खरंच आहे ते."

"आणि डोळा गेला म्हणजे?"

जिना उतरताना खालच्या पायऱ्या मला दिसत नव्हत्या. एवढं ओरडूनही त्यांनी माझा दंड धरला आणि एकेक पायरी उतरवली.

बत्तीवाले

पडदा सुटला की दिवस दवडायचे नसतात, हे त्या गोड बोलणाऱ्या डॉक्टरांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. त्या बाबतीत त्यांचा उपकारच. आम्ही त्याच दुपारी पेठेतल्या एका धर्मादाय इस्पितळात गेलो. कुंदाताईची नणंद तिथे नर्स होती. तिने सांगितलं होतं, आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण तोंडाने फाटके आहेत. मी म्हटलं होतं, मला तोंड शिवायचं नाहीये.

व्हरांड्यात खेड्यापाड्यातली माणसं जमिनीवर बसली होती. डोळ्यात थेंब घातले, पुन्हा घातले, पुन्हा घातले. मग आत एका अंधाऱ्या खोलीत टेबलावर उताणं झोपवलं. डॉक्टर बुटके, कपाळावर पट्ट्याने दिवा बांधलेला, हातात भिंग. "वर बघा. उजवीकडे. हलू नका. हलू नका म्हटलं ना! खाली. नाकाकडे." बोटभर लांबीच्या काडीने पापणीवरून डोळा दाबत ते कडाकडांतून बघत होते. दुखत होतं. प्रकाशाने डोकं फुटेल असं वाटत होतं. मध्येच थांबून लाल आणि निळ्या पेन्सिलीने कागदावर एक गोल रंगवत होते, आणि पुन्हा येऊन बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे, यजमान बाहेर दोनदा चहा पिऊन आले.

आणि मी त्या टेबलावर, दुखत असताना, मनात म्हणत होते, हा फिरवून बघतोय. हा दोन्ही पाट्यांवर धरतोय.

शेवटी ते म्हणाले, "पडद्याला वर भोक पडलंय. तिथून सुटत आलाय. नजरेची मुख्य जागा अजून चिकटलेली आहे. आजच भरती व्हा, चालू फिरू नका. पडदा परत चिकटावा म्हणून डोळ्याभोवती पट्टा शिवावा लागेल. बरेच जण बरे होतात, काही होत नाहीत. तुमचं काय होईल ते मला आज सांगता येत नाही."

मी तोच प्रश्न विचारला. यजमानांनी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर लालबुंद झाले. "हे काय प्रदर्शन आहे? माझ्या हातून न जमलेलं बघायचंय तुम्हाला?"

"हो."

"कशाला?"

"जमलेलं कुणीही दाखवतं."

त्यांनी कपाळावरचा दिवा काढून टेबलावर आपटला. मला वाटलं, झालं, इथूनही बाहेर. ते दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "या. तिसरी खाट. मी येत नाही, माझ्यासमोर तो बोलायचा नाही." आणि खरोखरच व्हरांड्यात निघून गेले.

तिसऱ्या खाटेवर ताथवड्याचे एक शेतकरी होते, मारुतीमामा. एका डोळ्यावर पट्टी. मी जवळ जाऊन कोण, कुठली, ते सांगितलं.

"माझं बघाया आलीस व्हय?" ते म्हणाले. "बघ. दोनदा कापला डोळा. न्हाई जमलं. उजेडबी न्हाई दिसत."

"मामा, राग येत नाही डॉक्टरांचा?"

"येतो की! लई येतो. पयल्याच दिशी म्हनला हुता, लई उशीर करून आलास, आशा कमी हाय. मीच म्हनलं, कर. तरीबी येतो राग." मग म्हणाले, "पर एक सांगू का बाय? ज्येंचं डोळं बरं झालं त्येंच्यापाशी त्यो उभ्या उभ्या जातो. माझ्यापाशी रोज खाटंवर बसतो. काय बोलत न्हाई धड. बसतो आन् जातो."

आमच्याकडे बाद झालेल्या बाटल्या टोपलीत टाकतात आणि टोपली झाकून बाहेर नेतात. त्यांच्याशेजारी रोज जाऊन बसणारा कुणी मी पाहिला नव्हता. मी बाहेर आले आणि यजमानांना म्हटलं, "इथे. यांच्याकडेच."

"हा माणूस खात्री देत नाही, सुमन."

"म्हणूनच."

ते म्हणाले, "तुझं मन घेतंय ना? मग माझं काही नाही." फोरमनने पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

पट्ट्या

ऑपरेशनच्या वेळी डोळा बधिर केला होता, पण कान उघडे होते. डॉक्टर टाके घालताना नर्सवर ओरडत होते, कात्रीवर ओरडत होते, आणि मला मात्र हळू आवाजात सांगत होते, "छान पडून राहिलात. अजून थोडं." तेवढे दोन शब्द मी पुढचे कित्येक दिवस पुरवून खाल्ले.

नंतर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. खाणं दुसऱ्याच्या हाताने. बाकीचंही दुसऱ्याच्या हाताने. आजारपणावर लिहिणारे लोक हे लिहीत नाहीत, मी लिहिते. पट्टी बांधलेल्या बाईला बेडपॅन देताना खोलीत कोण कोण आहे हे तिला सांगावं. मी आयाबाईला पहिल्याच दिवशी बजावलं, "बाप्याच्या पायांचा आवाज आला की थांबायचं." ती हसली आणि पुढे रोज मोठ्याने ओरडायची, "बापे बाहेर! सुमनताईंचा हुकूम हाय!"

मी भ्याले होते का? भ्याले होते. दिवसा मी सगळ्यांशी तोंड वाजवायची, पण खाटेला खिळल्यावर तोंडाने भीती झाकत नाही. माझी लेक मंगल तेव्हा शाळेत जायला लागली होती. तिच्या वेण्या आता कोण घालेल, हा विचार आला की रडू यायचं, आणि रडायची तर बंदी. रडले तर टाके ताणतील. मग मी मनातल्या मनात डॉक्टरांशी, सुपरवायझरशी, देवाधर्माशी, जो सापडेल त्याच्याशी भांडायची. भांडताना रडू येत नाही, हा माझा अनुभव.

यजमान पहिली शिफ्ट संपवून रोज यायचे. वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, अगदी विहीर खोदण्याच्या जाहिरातीसकट. त्यांना वाचनाची सवय नव्हती, अडखळायचे. पण माझ्याजवळ काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं, आणि न बोलता बसवतही नव्हतं.

आणि आत्याबाई. जिभेने कण काढणारीकडे नेणाऱ्या, भाकरीचं बोलणाऱ्या आत्याबाई खाटेशेजारी खाली सतरंजी टाकून राहिल्या. वाळूची पिशवी सरकली की त्या दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरून बसायच्या. त्यांचे हात खरखरीत, मिश्रीचा वास येणारे. "हलू नगंस पोरी. मी धरलंय." एकदा मी विचारलं, "आत्याबाई, अजून राग आहे?" तर म्हणाल्या, "हाय. घरी गेल्याव भांडू. आता गप पड." त्या दिवसांत मला कुणाचाही एवढा आधार वाटला नाही.

पट्टी काढली तेव्हा लगेच काही दिसलं नाही. लालसर धुकं. डॉक्टरांनी बोटं धरली, मी अंदाजाने सांगितलं, ते गुरकावले, "अंदाज नको, दिसतं ते सांगा." मी म्हटलं, "मग काहीच नाही." ते म्हणाले, "बरं," आणि माझ्या खाटेवर बसले. मला मारुतीमामा आठवले. माणूस खाटेवर बसला म्हणजे काय, ते मला त्या वॉर्डात कुणी सांगायची गरज नव्हती.

पण ते धुकं रोज थोडं पातळ होत गेलं. आधी खिडकी आली, मग खिडकीचे गज, मग आत्याबाईंचं कपाळ. ज्या दिवशी मी भिंतीवरच्या तक्त्याचं मोठं अक्षर वाचलं त्या दिवशी डॉक्टर माझ्या खाटेशी उभ्या उभ्या आले, "ठीक आहे," म्हणाले आणि पुढे गेले. एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नसता.

कामावर

सगळं परत आलं नाही. नाकाकडचा खालचा कोपरा गेला तो गेलाच, आणि दाराची चौकट आजही मला जरा वाकलेली दिसते. कंपनीच्या दवाखान्यात, रक्त कमी आहे म्हणणाऱ्या त्याच डॉक्टरांनी, माझ्याकडे न बघता तपासणीच्या कामाला मला नालायक ठरवलं. मी म्हटलं, "असं कागदावर नाही. बाकावर बसवा आणि बघा."

सुपरवायझरने चांगल्या आणि मुद्दाम ठेवलेल्या खराब बाटल्या एकत्र करून ट्रे दिला. मी जीव तोडून बघितलं. पांढऱ्यावर, काळ्यावर, पुन्हा पांढऱ्यावर. खराबपैकी दोन माझ्या हातून सुटल्या.

मी स्वतःच उठले. कुणी उठवलं असतं तर भांडले असते. पण ते औषध कुणाच्या तरी अंगात जाणार होतं. मी म्हटलं, "दुसरं काम द्या. कीव नको, काम द्या." लेबलं लावायच्या खात्यात बसवलं, अजून तिथेच आहे. "बिचारी सुमन" म्हणणारीला मी तिथल्या तिथे झापते, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

लोक विचारतात, समजा डोळा गेलाच असता, तर? तर गेला असता. मारुतीमामांचा गेलाच की. चांगला डॉक्टर गाठला म्हणजे डोळा वाचलाच, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण मी डोळे मिटून कुणाच्या हवाली झाले नाही, आणि आंधळी झाले असते तरी निवड माझी होती, हे माझं मला सांगता आलं असतं. एवढ्यासाठी भांडावं. डॉक्टर किती वेळ बघतो ते बघावं. बघायच्या आधी बोलतो की बघून बोलतो ते बघावं. "माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून निघतात का ते ऐकावं. गोड बोलतो की फाटकं बोलतो याला फार किंमत देऊ नये, दोन्हीकडे फसायला होतं. आणि न जमलेल्यांना भेटावं. ते सगळीकडे असतात, फक्त त्यांचे फोटो भिंतीवर नसतात.

आत्याबाईंचा मोतीबिंदू

गेल्या वर्षी आत्याबाईंना दिसेनासं झालं. मोतीबिंदू. आता या बाबतीत घरात मीच जाणकार. मी बत्तीवाल्या डॉक्टरांना जाऊन भेटले, खाट ठरवली, रजा टाकली आणि आत्याबाईंना येऊन सांगितलं, सोमवारी जायचं.

"कुनाला इचारून ठरिवलंस?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय? माझा डोळा त्यांनीच वाचवला."

"मग त्यो तुझा डाक्टर. माझा मी बघीन."

आणि खरंच बघितला. यजमानांना घेऊन पुण्यात तीन ठिकाणी फिरल्या. आत डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. बाहेर पायरीवर बसायच्या, तिथल्या झाडणाऱ्या बाईला मिश्री द्यायच्या आणि विचारायच्या, "तुझ्या आयच्या डोळ्यातला मोती कुनाकडनं काढला गं?" तिसऱ्या ठिकाणी एकीने सांगितलं, इथंच काढला, आता आई स्वतः तांदूळ निवडती. आत्याबाई घरी आल्या आणि त्यांनी नाव जाहीर केलं. गार फरशी, भिंतीवर फोटो, ताई ताई म्हणणारे ते मोठे डॉक्टर.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आत्याबाई, ते सगळ्यांना शंभर टक्के म्हणतात!"

"म्हनू दे की. मी सत्तर धरते."

"तुम्ही त्यांना एक प्रश्नसुद्धा विचारला नाही!"

"तू डाक्टरला इचारलंस, मी झाडनारीला इचारलं."

मी खूप बोलले. पडदा, थेंब, बत्ती, सगळं सांगितलं. यजमान खाली मान घालून हसू दाबत होते, ते मला माझ्या उरलेल्या नजरेतही दिसत होतं. आत्याबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डोळा कुनाचा हाय, सुमन?"

ऑपरेशन ठरलं त्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले. नर्स त्यांना आत घेऊन गेली तेव्हा त्यांनी गळ्यातली पोत आणि मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. मोठे डॉक्टर जाताना थांबून म्हणाले, "काळजी करू नका ताई, शंभर टक्के." माझ्या जिभेवर शब्द आले होते. दार लागलं. मी बाकावर बसले आणि ते शब्द गिळले, कारण डोळा त्यांचा होता.